सुट्टीतला जिम्नॅस्टिक्सचा वर्ग

२१ एप्रिल
वर्ग सुरू झाला. मुलं सहा ते नऊ वर्षांची. सुरुवातीला पडणंच शिकवते. मागं तोल गेला की मूल कोपर ताठ ठेवून हात मागं टेकतं, आणि मनगट किंवा कोपर मोडतं ते तेव्हाच. हात छातीशी, हनुवटी आत, पाठ गोल करून गडगडत जायचं. “ताई, आम्ही पडायला आलोय का?” एकानं विचारलं. हो म्हटलं. खूश झाला.

२४ एप्रिल
कोलांटी. उतरत्या गादीवरून घेतली की उतारच गती देतो, पोराला ढकलावं लागत नाही. डोकं टेकून त्यावर सगळा भार टाकायची कोलांटी घरोघरी चालते. आजोबा हौसेनं पलंगावर शिकवतात, आणि ती मोडायलाच माझा निम्मा वेळ जातो. भार तळव्यांवर हवा, डोक्याचा मागचा भाग जेमतेम गादीला लागावा. उलटी कोलांटी सरसकट देणार नाही. या वयात डोकं मोठं, हात आखूड. हातांनी रेटा देता आला नाही, तर सगळं मानेवर येतं.

२८ एप्रिल
डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला घेऊन आई आल्या. या मुलांपैकी काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी मिळेपर्यंत कोलांटी नाही, ट्रॅम्पोलिन नाही. “म्हणजे नाहीच ना?” त्यांचा चेहरा पडला. तसं नव्हे. जमिनीलगतच्या बीमवर तो आजच चालला, पुढच्या पोरीला “हळू” असं बजावतही होता.

३ मे
हँडस्टँड भिंतीकडे पोट करून. पाय भिंतीवरून चढवत न्यायचे. भिंतीकडे पाठ करून लाथ मारत वर गेलं की कंबर वाकते आणि तीच सवय लागते. पण वर जाण्याआधी कुशीवर वळून पाय खाली घेणं आलं पाहिजे, नाहीतर घाबरलेलं पोर पाठीवर आदळतं. आधार देताना हात कुठं लावणार ते आधी सांगते. नको म्हटलं, तर तो प्रकार सोपा करून देते.

६ मे
एका बाबांनी फोनवर बॅकफ्लिप दाखवला. “हिला सुट्टीत येईल ना? दीपा कर्माकर बघा.” बघितलीच आहे. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये प्रोदुनोव्हा व्हॉल्ट करून चौथी आली, ०.१५ गुणांनी कांस्य हुकलं. पण सहाव्या वर्षापासून आगरतळ्यात प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदींकडे घासत होती, रिओत ती तेवीस वर्षांची होती. आपली कन्या उडी मारून दोन्ही पायांवर स्थिर उभी राहत नाही अजून. बाबा हिरमुसले. मुलगी मात्र निवांत दोरीला लोंबकळत होती.

१० मे
एका मुलीचं मनगट दुखतंय. सूज नाही. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चा असते, तिच्यावर रोज भार पडला की कुरकुर होते. “सहन कर” म्हणणाऱ्या प्रशिक्षकांचा मला राग येतो. आईला सांगितलं, दुखणं थांबेपर्यंत हातांवर भार नाही. थांबलंच नाही तर डॉक्टरांकडे.
ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच. दोघं चढले की हलकं पोर उडतं.
उद्या गाद्यांमधल्या फटी झाकायला रुंद पट्ट्या आणायच्या, आणि स्प्रिंगबोर्डचा ढिला बोल्ट मिस्त्रीला दाखवायचा. तोवर तो बोर्ड कोठीतच.