नोंदवहीबाहेरची वादळे

आपल्या समाजाच्या परंपरागत कथेचा आरंभ एका फुटलेल्या गलबताने होतो. नवगावच्या किनाऱ्याशी ते फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, हे आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. ते वर्ष कोणते, वारा कोणत्या दिशेचा, याची नोंद मात्र कोठेही नाही.

सागरी वादळांचा जुना इतिहास वाचण्याचा मला उतारवयात छंद लागला. तेव्हा ध्यानात आले की, ही उणीव केवळ आपल्या कथेची नव्हे. उपग्रह नव्हते त्या काळी भर समुद्रातील वादळाची नोंद होण्यास दोन गोष्टी घडाव्या लागत : वादळाच्या वाटेत एखादे जहाज असावे लागे, आणि ते सुखरूप परत यावे लागे. रामबाम यांचे धाकटे बंधू डेव्हिड व्यापारासाठी निघाले असता ११७० च्या सुमारास हिंदी महासागरात बुडाले. रामबाम यांच्या पत्रातून त्यांचा बंधुशोक आपणापर्यंत पोहोचला; त्या दिवशीचे हवामान पोहोचले नाही.

या अंधारात पहिला पद्धतशीर दिवा लावणाऱ्यांत कलकत्त्याचे हेन्री पिडिंग्टन यांची गणना करावी लागेल. परत आलेल्या जहाजांच्या लॉगबुकांतून ते वाऱ्याची दिशा, वायुभारमापकातील पाऱ्याची उंची व वेळ उतरवून घेत आणि निरनिराळ्या जहाजांच्या नोंदी एकाच नकाशावर मांडीत. त्यातून वारा मध्यबिंदूभोवती फिरतो, हे स्पष्ट दिसे. १८४५ साली मॉरिशसनजीक ‘चार्ल्स हेडल’ हे जहाज वाऱ्यापुढे धावताना वादळाच्या मध्याभोवती पाच वेळा फिरले. त्याच्या लॉगबुकाने पिडिंग्टन यांना भक्कम पुरावा दिला. वेटोळे घातलेल्या सर्पाची कल्पना मनात धरून त्यांनी ग्रीक भाषेच्या आधारे ‘सायक्लोन’ हा शब्द घडविला आणि १८४८ च्या आपल्या ग्रंथातून तो खलाशांच्या हाती दिला.

तथापि ही सारी साक्ष वाचलेल्यांची होती. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘विजळी’ म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळाने तिला सातशेहून अधिक माणसांसह गिळले आणि तिचा सांगाडाही हाती लागला नाही. वादळाच्या पोटातील खरी हकीगत तिच्या कप्तानालाच ठाऊक होती. त्याचे लॉगबुक समुद्रतळाशी गेले.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. इशारे वेळेवर मिळू लागले तशी जहाजे वादळ टाळू लागली. त्यामुळे माणसे वाचली, पण मध्यभागाची निरीक्षणे घटली. दुसऱ्या महायुद्धात तर शत्रूला सुगावा लागू नये म्हणून जहाजांनी बिनतारी संदेश बंद ठेवले. म्हणजे नोंदवहीतील कोऱ्या पानावर समुद्र शांत होता असे समजणे धोक्याचे आहे.

आणि भरलेले पानही डोळे झाकून मानू नये. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर प्रचंड वादळ येऊन लाखभर माणसे दगावली, असे अनेक याद्यांत छापलेले आढळते. त्या काळी कुलाब्याची वेधशाळा चालू होती, वर्तमानपत्रेही होती. तरी अलीकडे संशोधकांनी शोध घेतला तेव्हा अशा संहाराचा समकालीन पुरावा सापडला नाही. ते वादळ झालेच नव्हते. एकाने लिहिले आणि इतरांनी उतरवून घेतले!

याउलट नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईवर आलेले वादळ अगदी खरे. आम्ही तेव्हा सॅम्युअल स्ट्रीटला राहत होतो. माझी आई त्याविषयी सांगताना रात्रीचा काळोख आणि उडालेली कौले यापलीकडे जात नसे. वेधशाळेने वारा व वायुभार टिपला, आईने भीती टिपली. मला दोन्ही नोंदी सारख्याच मोलाच्या वाटतात.

एप्रिल १९६० मध्ये ‘टायरॉस-१’ हा पहिला हवामान-उपग्रह गेला आणि १९६६ पासून सर्व पृथ्वीची छायाचित्रे नित्य मिळू लागली. तेव्हापासून ज्या वादळात एकही जहाज सापडले नाही, तेही मोजले जाऊ लागले. म्हणून आज वादळे वाढली की काय, हा प्रश्न विचारताना जुना आकडा नव्याशेजारी तसाच ठेवता येत नाही. वाढ समुद्रातील किती आणि आपल्या दृष्टीतील किती, हे आधी निवडावे लागते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस, म्हणजे आपल्या नवगावापासून फार दूर नव्हे, किनाऱ्यावर आले. उपग्रहांनी त्याची वाटचाल आरंभापासून पाहिली आणि हजारो लोकांना आधीच हलविता आले. परंतु पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळात, इशारा मिळालेला असूनही, मुंबईनजीक पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडाला आणि अनेकांचे प्राण गेले. आकाशातून दिसले एवढ्याने माणूस वाचत नाही. दिसलेले कोणीतरी मनावर घ्यावे लागते. पिडिंग्टन यांनी आपला ग्रंथ पंडितांसाठी न लिहिता खलाशांसाठी लिहिला, त्याचे मर्म मला यातच दिसते.