रस्ता ओलांडणारी आग

इंग्रजीत ‘कॉन्फ्लॅग्रेशन’ म्हणून एक भारदस्त शब्द आहे. नुसता उच्चारला तरी जीभ पोळते! शब्दकोशात अर्थ सापडतो ‘मोठी, विध्वंसक आग’. लॅटिनमध्ये ‘फ्लाग्रारे’ म्हणजे जळणे. भाषापंडित या धातूचे नाते आपल्या गायत्री मंत्रातल्या ‘भर्ग’शी, म्हणजे तेजाशी, जोडतात. दिव्याचे आणि वणव्याचे कूळ एकच म्हणायचे!

पण मोठी म्हणजे केवढी? अग्निशमनाच्या परिभाषेत याचे उत्तर साधे आहे. एका घरात पेटली, तिथेच विझली, ती नुसती आग. रस्ता, मोकळी जागा असले अडसर ओलांडून वस्तीच गिळू लागली, की ती कॉन्फ्लॅग्रेशन.

मुंबईने ती पाहिली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी! दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले, जळता कापूस आकाशातून बरसला आणि आजूबाजूची गोदामे, घरे पेटली. ६६ बंबवाले कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर तो दिवस पाळतात.

मराठी मात्र आगीला तिच्या ठिकाणावरून हाक मारते. रानात वणवा, समुद्रात वडवानल, पोटात जठराग्नी. फाल्गुन-चैत्रात आमच्या मुलुंडच्या डोंगरावर रात्री कधी लाल रेघ सरकताना दिसते, तेव्हा आजीबाईसुद्धा ‘वणवा लागला’ म्हणते; कोणी शब्दकोश उघडत नाही. वर्तमानपत्रांना मात्र एक दुकान जळाले तरी ‘अग्नितांडव’ लागते. मग १९४४ साठी कोणता शब्द उरावा?

मला त्या इंग्रजी शब्दातला रस्ता महत्त्वाचा वाटतो. दोन इमारतींमधली मोकळी जागा रिकामी दिसते, पण ती आगीला अडवायला आणि बंबाला आत यायला ठेवलेली असते. आमच्या उपनगरांत ती आता मोटारी, स्कूटर आणि जुन्या कपाटांनी भरली आहे. सभेत कोणी हरकत घेतली, तर उत्तर मिळते, ‘आजवर काही झाले आहे का?’

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण दुसऱ्यांना हसण्यासाठी वापरतो. फाटकात आडवी लावलेली मोटार आपलीच असेल, तर सोमेश्वर फार दूर नाही. या दिवाळीत पणत्या लावण्याआधी तेवढी ती हलवावी!