उन्हं उतरू देत

आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्याची चर्चा हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. अमरावतीचा माणूस अकोल्याच्या माणसाला भेटला की प्रकृती विचारण्याआधी पारा विचारतो, आणि दोघेही आपापल्या गावचा आकडा हुशार मुलाच्या गुणांसारखा अभिमानाने सांगतात. या स्पर्धेत आम्ही अमरावतीकर बहुधा हरतो. 2024 च्या मे महिन्यात तर अकोल्याचा पारा 45 च्या पुढे गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क कलम 144 लावले. एरवी ते लोक तापले म्हणजे लावीत. इथे आभाळच तापले होते!

अशा मुलखात ऐन ज्येष्ठात टाळ वाजवीत रस्त्याने चालायचे हे माझ्या बुद्धीला कधी पटले नव्हते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीच्या महिनाभर आधी पंढरपूरला निघते. नागझरी, पारस, गायगाव, भौरद असे विसावे आणि मुक्काम घेत ती अकोल्यात येते. पांढऱ्या वेषातले शेकडो वारकरी, पताका, टाळ आणि मृदंग असा तो चालता संगीतमहोत्सवच असतो. फक्त त्याला मांडव नसतो आणि श्रोत्यांना खुर्च्या नसतात. आमचे आबा दर वर्षी गायगावला पालखीच्या मागे लागत आणि अकोल्यापर्यंत टाळ वाजवीत येत. "यंदा येतोस का रे?" असे ते विचारीत. माझे उत्तर ठरलेले असे : "जरा उन्हं उतरू देत, आबा."

ज्येष्ठात उन्हं उतरत नसतात, हे दोघांनाही ठाऊक होते. मी मराठीचा प्राध्यापक. वीस वर्षे वर्गात पंख्याखाली उभा राहून मोठ्या अभंगाची अक्षरे मुलांना मोजून दाखवतो : सहा, सहा, सहा, चार. उन्हात जाऊन निराळे काय कळणार होते?

करोनामुळे 2020 आणि 2021 साली पायी वारी झाली नाही. 2022 साली पालखी पुन्हा चालू लागली, तोवर आबांचे गुडघे बसले होते. त्या वर्षी त्यांनी "येतोस का" असे विचारले नाही. "माझ्याऐवजी तू जा" म्हणाले. मी तेच उत्तर दिले. त्या हिवाळ्यात आबा गेले. टाळ अकोल्याला ताईच्या घरी खुंटीवर राहिले.

2023 साली आषाढी 29 जूनला होती, म्हणून पालखी 26 मे रोजीच, म्हणजे ऐन नवतपात, निघाली. त्या साली मी जायचे ठरवले. आणि मास्तर माणूस काही करायचे ठरवतो तेव्हा आधी वाचन करतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, असे वाचल्यावर मी रोज छत्री तलावापर्यंत फिरायला लागलो. पहिल्या दिवशी सकाळी सहाला, मग साताला, मग आठाला. ते नाव वाचून रोज वाटे की तलावाऐवजी छत्रीच घेऊन निघावे. घामाबरोबर मीठही जाते, नुसते पाणी ढोसून भागत नाही, हे कळल्यावर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ केले. बोलणे असंबद्ध होऊ लागले आणि अंग तव्यासारखे तापले, तर माणसाला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तसाच दवाखाना गाठावा, हेही वहीत उतरवले. "तुमचं बोलणं असंबद्ध झालेलं ओळखायचं कसं?" अशी शंका आमच्या सौभाग्यवतींनी काढली. तिकडे मी दुर्लक्ष केले.

शिवाय मी नवे बूट घेतले.

ताईने बूट पाहिले आणि कपाळाला हात लावला. मग काही न बोलता माझ्या पिशवीत जुन्या चपला, एक सुती दुपट्टा, कैरीच्या पन्ह्याची बाटली आणि एक कांदा टाकला. कांद्याचा शास्त्रीय उपयोग माझ्या वाचनात आला नव्हता. पण वऱ्हाडात कांद्याशी वाद घालीत नाहीत. शेवटी तिने खुंटीवरचे टाळ काढून माझ्या हातात दिले.

गायगावहून पालखी हलली तेव्हा डांबरातून वाफा निघत होत्या. मी डोक्याला ओला दुपट्टा बांधला, पन्हे प्यालो, सर्वांत मागे उभा राहिलो आणि आबांचे टाळ पहिल्यांदा एकमेकांवर मारले. दुसऱ्या ठोक्याला दोरी तुटली. एक टाळ हातात राहिला, दुसरा घरंगळत रस्त्याच्या कडेला गेला.

मीठ मोजले होते, साखर मोजली होती, दिवस मोजले होते. चार वर्षे खुंटीवर विटलेली दोरी तेवढी पाहिली नव्हती.

शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने टाळ उचलून आणला. त्याने आधी दोरी पाहिली, मग माझे पाय.

"सर, नवा जोडा घालून कोनी येते काय? पायाले फोड येतीन. काढा त्याची नाडी."

"बुटाची नाडी टाळाला?"

"नाडीच हाय ना, चामडं थोडंच हाय!"

त्याने नाडी दोन्ही टाळांतून ओवली, गाठी मारल्या आणि टाळ परत दिले. मी चपला घातल्या. बूट पिशवीत गेले. पुढे मृदंगवाल्याने क्षणभर थांबून डाव्या पुडीवरची कणीक ओली केली. उन्हाने ती सारखी वाळत होती. मग पुन्हा ठेका सुरू झाला.

थोड्या वेळाने माझी धाप वाढली. म्हातारा म्हणाला, "मुक्यानं चालू नका. तोंडानं म्हना, मंग पाय आपोआप चालते."

मी म्हणू लागलो. तेव्हा ते चौथे चरण मला पहिल्यांदा कळले. सहा, सहा, सहा आणि मग चार : उरलेल्या दोन अक्षरांच्या जागेत सारे टाळकरी श्वास घेत होते. वीस वर्षे ती जागा मी फळ्यावर रिकामी सोडत आलो होतो. तिथे माणसे दम घेतात, हे आबांना न विचारताही समजले असते. मी नुसते त्यांच्या शेजारून चालायला हवे होते.

भौरदपर्यंत ऊन काही उतरले नाही. लोक रस्त्यावर पाणी शिंपडत होते, ताक देत होते. म्हाताऱ्याने माझ्या हातातले टाळ ओळखले नसावेत. मीही कोणाचे ते सांगितले नाही. सांगायला लागलो असतो तर गळा गाण्याच्या कामाचा राहिला नसता.

ते टाळ आता अमरावतीला माझ्या खोलीत आहेत. बुटांना मी दुसरी नाडी आणली. टाळांची मात्र बदललेली नाही. पण दर वर्षी वैशाख लागला की ते खुंटीवरून काढतो आणि दोन्ही गाठी ओढून पाहतो. मग आमचा मुलगा कॉलेजातून आला की त्याला सहज विचारल्यासारखे विचारतो, "यंदा येतोस का रे?"

तो खिडकीबाहेर पाहतो आणि म्हणतो, "बाबा, जरा उन्हं उतरू देत."