न टाकलेलं पत्र

परवा पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं. आमचं कपाट आवरणं म्हणजे चार पुस्तकं पुसायची आणि पाचवं उघडून तिथेच जमिनीवर बसकण मारायची! या वेळी हाती आली 'पडघवली'. पुठ्ठा कधीच निखळलाय. आत एक निळं अंतर्देशीय पत्र सापडलं. पत्ता लिहिलेला, पण न टाकलेलं. अक्षर माझंच, तारीख मे १९७३ ची. पत्ता : श्री. गो. नी. दांडेकर, तळेगाव दाभाडे.

तेव्हा मी नुकतीच शिक्षिका झाले होते. आई चौथीपर्यंत शिकलेली, त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. रात्री मागचं आवरलं की मी तिला रोज एक प्रकरण वाचून दाखवत असे. आई मूळची दापोलीकडची. माहेरचं घर बंद पडलं होतं, पण त्याविषयी ती कधी अवाक्षर काढत नसे. 'पडघवली'तली वहिनी आपल्या गावाचं, घराचं सांगू लागली की आई मला मध्येच थांबवायची. "परत वाच गो तेवढं." एकदा म्हणाली, "ह्या बाप्याला बायकांच्या मनातलं कुणी सांगितलं?"

पुस्तक संपलं. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना आपणहून बोलू लागली. घर कसं होतं, भावाभावांत काय झालं, किल्ली शेजारणीच्या हातात देऊन ती कशी निघाली. चोवीस वर्षांच्या मला माझं आजोळ त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

त्याच रात्री मी हे पत्र लिहिलं. आणि टाकलं नाही! एवढा मोठा लेखक, त्याला माझ्यासारखीचं काय? ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर? शाळेतली बाई आणि अशुद्ध लिहिते! पुढे 'स्मरणगाथा' वाचली (तिला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला). तेराव्या वर्षी शाळा अर्धवट टाकून घराबाहेर पडलेला, गाडगेबाबांबरोबर राहिलेला, नर्मदेची परिक्रमा केलेला हा माणूस. तो का माझे ऱ्हस्वदीर्घ मोजणार होता? तरीही 'उद्या टाकू' करत राहिले.

१ जून १९९८ ला गोनीदा गेले. शाळेला सुट्टी होती. सकाळी पेपर हातात घेऊन बसून राहिले. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. हे सांगायचं तरी कुणाला? पुढे लोक त्यांच्याविषयी बोलताना ऐकले. कुणी किल्ल्यांविषयी, कुणी 'जैत रे जैत' सिनेमाविषयी, कुणी 'माचीवरल्या बुधा'विषयी. माझे गोनीदा त्यात कुठेच नव्हते.

मग काही वर्षांनी, त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव यांनी केलेलं कादंबरीचं अभिवाचन ऐकायला गेले. ना नेपथ्य, ना वेशभूषा. नुसतं वाचन. शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाच्या एक बाई. मध्येच त्या मुसमुसू लागल्या. मी रुमाल पुढे केला. मध्यंतरात नाव विचारायचं सोडून मी विचारलं, "गाव कुठलं हो तुमचं?" आणि त्या सांगू लागल्या... घर, अंगण, विहीर. अगदी आईसारखं! तेव्हा उमगलं, इथे प्रत्येकजण गोनीदांची आठवण काढताना आपलंच कुणीतरी गेलेलं माणूस आठवत बसला आहे. माझ्या गोनीदांना मी उगाच एकटं समजत होते.

२९ ऑक्टोबर २०२४ ला वीणाताईही गेल्या. त्यांनाही मी कधी कळवलं नाही. पुन्हा तीच चूक.

असो. त्या दिवशी कपाट तसंच अर्धवट राहिलं. मी उठून एका आवडत्या, सुदैवाने हयात असलेल्या लेखिकेला पत्र लिहिलं. अक्षर थरथरतं. शुद्धलेखन मुद्दाम तपासलं नाही. आणि कुणाच्या हाती न देता, काठी घेऊन स्वतः कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.

जुनं पत्र मात्र परत 'पडघवली'तच ठेवलंय. ज्या पानावर आई "परत वाच गो" म्हणाली होती, त्या पानात.

तुमचं असं कुणाला लिहायचं राहिलंय का?