सापाची मावशी आणि मुलांच्या हातातली काठी



आपल्या कुरखेडा तालुक्यातल्या कोणत्याही वर्गात 'सापाची मावशी कोणी पाहिली?' असं विचारून बघा. भराभर हात वर होतात. 'मग काय केलं?' असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, 'मारली, सर!' कारण घरी ऐकलेलं असतं, ती चावली तर माणूस वाचत नाही.

पुस्तकात हिला सापसुरळी म्हणतात. अंग गुळगुळीत, चकचकीत आणि चालणं नागमोडी, म्हणून ती सापासारखी वाटते. पण ती पाल-सरड्यांच्या गोतातली. तिला चार छोटे पाय असतात, डोळ्यांना मिटणाऱ्या पापण्या असतात, कानाची छिद्रं असतात. सापाला यातलं काहीच नसतं. आणि मुख्य म्हणजे तिच्यात विष अजिबात नसतं.

जंगलातला पालापाचोळा हेच तिचं घर. ती सकाळी ऊन खाते, मग नाकतोडे, कोळी, वाळवी टिपते. शत्रूनं पकडलं की शेपटी तिथेच टाकून पळते. तुटलेली शेपटी वळवळत राहते आणि शत्रू तिच्यातच गुंततो. शेपटी पुन्हा येते, पण तिच्यात साठवलेली चरबी गेलेली असते. ठिपकेदार सापसुरळीच्या पिल्लाची शेपटी तर लालभडक असते!

आता खरी अडचण. आपल्या मुलांना 'घाबरू नका' असं सरसकट सांगून चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ती पहाटे आईबरोबर मोहफुलं वेचायला जातात. त्याच पाल्यात मण्यार, नाग, घोणसही असू शकतात आणि अर्धवट दडलेल्या सापसुरळीचे पाय दिसत नाहीत. म्हणून मी ओळखीच्या आधी सवय शिकवतो. हात घालण्याआधी काठीनं पाला हलवायचा. काही सळसळलं की दोन पावलं मागे. हात लावायचा नाही, मारायचंही नाही, जे असेल त्याला जाऊ द्यायचं. आणि काही चावलंच तर काय होतं ते शोधत बसायचं नाही, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

काठी पाला हलवायला आहे, जीव घ्यायला नाही, एवढं मुलांना कळलं तरी धडा पोचला.

पालकहो, घरीही हेच बोला. मूल म्हणालं, 'मावशी दिसली होती, गेली निघून,' तर त्याला शाबासकी द्या.