पेटीतला आंबा

बागायतदाराच्या घरी चांगला आंबा कोण खातो, सांगा पाहू? हसू नका, तुमच्या घरी द्राक्षे असोत की डाळिंबे, तऱ्हा हीच असणार. झेल्याने अलगद उतरवलेला, चौदा आणे तयार झालेला, बिनडागी आंबा पेटीत जातो आणि पेटी जाते वाशीच्या बाजाराला. घरात उरतो तो गळीचा, खरचटलेला, चिकाने काळवंडलेला. रत्नागिरीजवळ आमची चाळीस कलमे. तरीही लग्न होऊन सासरी जाईपर्यंत एक नंबरचा हापूस मी कधी अख्खा खाल्ला नव्हता. आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तर नाहीच.

तो मी खाल्ला अमेरिकेत. ह्यांच्या नोकरीपायी २००६ साली आम्ही न्यू जर्सीत गेलो. तिथल्या दुकानात मेक्सिकोचा आंबा मिळे. त्यात फळमाशी राहू नये म्हणून तो ४६ अंश गरम पाण्यात तासाभराहून अधिक वेळ बुडवतात. त्यातला पिवळा आतौल्फो बरा, गोड, रेषा कमी. पण नाकाला लावला तर कागदासारखा! एकदा हौसेने पपई आणली, ती काकडीसारखी लागली.

आपल्या आंब्याला अमेरिकेचे दार २००७ च्या एप्रिलात उघडले. पुढच्या वर्षी मे महिन्यात ह्यांनी हापूसची पेटी घरी आणली. बारा फळांना ३५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे चौदाशे रुपयांच्या वर. मी कपाळाला हात लावला. पेटी उलटसुलट करून पाहते तो काय, चिठ्ठीवर लासलगाव! म्हटले, कांद्याच्या गावात आंबा कुठून आला?

मग चौकशी केली. कांद्याबटाट्याला मोड येऊ नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावी गॅमा किरण देण्याची सोय केली होती. तिथेच अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किरण देत. फळमाशी किंवा कोयीतला भुंगा असलाच, तर त्याची वीण खुंटते. फळात किरण उरत नाहीत, ते बिनघोर खावे. म्हणजे आमचा कोकणचा आंबा घाट चढून कांद्याच्या गावी जायचा आणि मग विमानात बसायचा.

आंबे होते कडक. माझी अक्कल पाहा, नासतील म्हणून चार लगेच फ्रीजमध्ये ठेवले. त्यांची साल काळी पडली आणि आंबट ते आंबटच राहिले. कच्च्या आंब्याला थंडी सोसत नाही, हे बागायतदाराच्या लेकीला कळू नये! उरलेले आठ तांदळाच्या डब्यात घातले, आढीची आठवण ठेवून. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात थोडासा वास आला. एक कापला. साका नव्हता, डाग नव्हता. ओट्याशी उभ्यानेच खाल्ला आणि कोय चोखताना घास अडकला.

रात्री दादांना फोन लावला. त्यांनी पहिले विचारले, "साका होता का गं?" मग भाव विचारला. मी सांगितला. पलीकडे बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "आपली पेटी यंदा पाच डझनांची नऊशेला गेली. तू खा पोटभर."

चौदाशेचा डझन मी खाल्ला, हे त्यांना सांगायला नको होते असे मला आजही वाटते.

पुढच्या मेमध्ये माहेरी गेले. दादांनी माळ्यावरून एक पेटी खाली काढली, वर कोळशाने "घर" असे लिहिलेले. सगळे एक नंबरचे. आईने लगेच त्यातले निम्मे व्याह्यांकडे धाडायला बाजूला काढले. दादांनी स्वतः एक कापला, एक फोड खाल्ली आणि बाकीच्या नातवंडांपुढे सरकवल्या. मग नेहमीप्रमाणे कोपऱ्यातला गळीचा डागी उचलून पिळू लागले. मीही त्यातलाच एक घेतला. खरे सांगू? न्यू जर्सीच्या आंब्यापेक्षा तो गोड होता.