डक्टवर पडणारं पाणी

रमजान ईदनंतरची गोष्ट. आमच्या जमातीच्या हॉलमध्ये नात्यातल्या एका मुलीचा निकाह होता. बाहेर ऊन रणरणत होतं, आत एसीचा गारवा होता आणि मी मनातून खूश होतो. एसीसाठी बैठकीत आग्रह मीच धरला होता. देणग्यांची वहीही मीच फिरवली होती.

माझा भाचा कतारहून सुट्टीवर आला होता. डिप्लोमा करून तो तिथे इमारतींमधल्या पाइपांची आणि डक्टची ड्रॉइंग करतो. जेवता जेवता तो सारखा वर बघत होता.

"काय रे, पंखा शोधतोस?"

"नाही मामू. स्प्रिंकलर शोधतोय."

हॉल बांधतानाच छताला स्प्रिंकलर बसवले होते. त्यांच्या खालून एसीचा डक्ट गेला होता, पत्र्याची जवळजवळ पाच फूट रुंद पेटी. बाजूने वाकून पाहिलं की तिच्या वरचा लाल पाइप दिसत होता.

"आग लागली तर पाणी कुठे पडेल, सांगा."

मी वर पाहिलं. पाणी डक्टवर पडणार होतं. खाली पंगत होती.

त्या रात्री त्याने मला सगळं समजावलं. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटी कुपी असते. लाल रंगाची कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटतं. सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत. ज्याला उष्णता लागते तोच उघडतो. म्हणून प्रत्येकाच्या खालची जागा मोकळी हवी. कतारमध्ये ते अमेरिकेची एनएफपीए १३ ही नियमावली पाळतात. तिच्यानुसार अडथळा ४ फुटांहून रुंद असेल, तर त्याच्या खालीही स्प्रिंकलर द्यावा लागतो.

"तुमच्याकडे ही भांडणं कशी मिटवतात?" मी विचारलं.

"कागदावरच. सांडपाण्याच्या पाइपाला उतार लागतो, त्याला आधी जागा. मग डक्ट, कारण तो मोठा, सहज वळत नाही. स्प्रिंकलरच्या पाइपात दाबाचं पाणी असतं, तो वळसा घेऊ शकतो. पण वळसा घेऊन त्याचं तोंड जमिनीकडे मोकळं राहिलं पाहिजे. हे सगळं कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवून बघतो. तिथे चूक निघाली तर रेघ पुसायची. इथे निघाली तर छत उघडायचं."

मला झोप लागली नाही. एसीवाल्याने काम सुरू करताना विचारलं होतं, "सर, वर पाइप आहेत, डक्ट खालून घेऊ का?" मी 'घ्या' म्हटलं होतं. पाइप कसले, हे विचारलंही नव्हतं. वर्गात मी मुलांना सांगतो, 'खे'च्या वरचा नुक्ता खाली उतरला की 'खुदा'चा 'जुदा' होतो. वर-खालीचा फरक शिकवणारा माणूस मी.

बैठकीत विषय काढला तेव्हा आधी शांतता, मग नाराजी. पैसे संपले होते. एक बुजुर्ग म्हणाले, "इतक्या वर्षांत कधी आग लागली का? अल्लाह मालिक आहे." आधी उंट बांधण्याची हदीस तिथल्या प्रत्येकाला पाठ होती, पण बुजुर्गांना ती ऐकवायची माझी हिंमत झाली नाही. मी एवढंच म्हणालो, "डक्ट खालून घ्या, असं मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे. आता माहीत असून गप्प बसलो, तर ती आपल्या सगळ्यांची होईल."

पुन्हा वही फिरली. पहिलं नाव मी माझंच लिहिलं. काम होईपर्यंत हॉलमध्ये शेगडी आणायची नाही, जेवण बाहेर मांडवातच गरम करायचं, असं ठरलं. पावसाळ्याआधी फिटर आले. मूळ पाइपातून डक्टच्या बाजूने फाटा खाली घेतला आणि डक्टखाली चार स्प्रिंकलर दिले. फाट्याला आधार डक्टचा नाही, थेट स्लॅबचा. मग दोन तास पाण्याचा दाब देऊन ठेवला. मी खाली खुर्ची टाकून बसलो होतो. एका सांध्यातून थेंब आला, तो पुन्हा आवळला आणि तपासणी पहिल्यापासून सुरू केली.

रात्री भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "छान मामू. आता मदरशाच्या नव्या इमारतीचं ड्रॉइंग पाठवा. भिंती उभ्या राहायच्या आधी."